नोटीस पुरी की अपुरी : सांगलीच्या विजयनगरातील एका तपासणी-सेवेचा अनुभव

विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा न्यायालय एकाच भागात असल्यामुळे झेरॉक्सवाले, मुद्रांक विक्रेते, टंकलेखक आणि वकिलांची कार्यालये यांची तेथे दाटी आहे. त्या दाटीत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक वकील आणि महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ मिळून अगदी मर्यादित काम करतात. भूसंपादनाची आलेली नोटीस, अधिसूचना किंवा निवाड्याचे (मोबदला ठरवणाऱ्या आदेशाचे) पत्र कायद्याच्या कसोटीला उतरते की नाही आणि उतरत नसेल तर त्या उणिवेचा खातेदाराला नेमका काय उपयोग आहे, एवढेच ते तपासून लेखी टिपणात देतात. पुढचा दावा लढवणे हा या सेवेचा भाग नाही. गेल्या वर्षभरात घरातील आणि नात्यातील तीन प्रकरणे मी तेथे नेली, त्यांवरून हे लिहीत आहे. वकिलांना जाहिरात करण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, त्यामुळे नाव-पत्ता मुद्दाम देत नाही. गरजूने विजयनगरात दोन ठिकाणी विचारले तर तो जिना सापडतो.

आमची जमीन तासगाव तालुक्यात आहे. द्राक्षबाग आणि कडेची थोडी जिरायत. तीतून कालव्याची एक वितरिका जाणार हे गावात दोन वर्षांपासून बोलले जात होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी चालू असताना एका सकाळी मोटारीच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला. खळ अजून ओली होती आणि वडिलांनी तो घाईने ओढल्यामुळे तळाच्या दोन ओळी दारालाच राहिल्या. कागदावर २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम २१, एक गोल शिक्का, जावक क्रमांकाशेजारी ३ ऑक्टोबर ही तारीख, सुनावणीसाठी २७ ऑक्टोबर आणि नाव माझ्या आजोबांचे. आजोबांना जाऊन अकरा वर्षे झाली. वारसनोंदीचा फेरफार तेव्हाच मंजूर झाला असून सातबाऱ्यावर वडील आणि दोन आत्या अशी तीन नावे आहेत.

गावात त्यावर दोन मते लगेच तयार झाली. पारावरचे मत असे, की मयताच्या नावाची नोटीस ही नोटीसच नव्हे, तेव्हा गप्प घरी बसावे आणि पुढे न्यायालयात सगळेच रद्द होईल. दुसरे मत एका मध्यस्थाचे होते. मोबदल्यातील ठरावीक टक्के दिले तर नोटीस 'उडवून' देतो असे तो सांगत होता, आणि नोटीस उडाल्यावर मोबदला कशाचा मिळणार हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. मी चौकशी करीत विजयनगरला पोचलो तो या दोन्ही मतांना कंटाळून.

निवृत्त अव्वल कारकुनांनी, ज्यांना तेथे सगळे काका म्हणतात, कागद हातात घेतल्यावर मजकूर वाचलाच नाही. त्यांनी पट्टी ठेवून मजकूर झाकला आणि फक्त तारखा एका लांब कोऱ्या चिठ्ठीवर उतरवून घेतल्या: सहीखालची, जावक क्रमांकाची, सुनावणीची. मग विचारले, "हा तुम्हाला मिळाला तो दिवस कोणता? आणि दारावर असताना फोटो कोणी काढला का?" आमच्यापैकी कोणालाच ते सुचले नव्हते. बागेत छाटणीला आलेल्या एका मुलाने मात्र गंमत म्हणून तो काढून ठेवला होता आणि त्याच्या मोबाइलमध्ये १४ ऑक्टोबर, सकाळी सात वाजून काही मिनिटे, असा तो निघाला. दाराला राहिलेल्या दोन ओळीही त्यात स्पष्ट वाचता येत होत्या, आणि दावे कोठे व कसे दाखल करायचे ते नेमके त्या दोन ओळींतच होते.

पुढचा अर्धा तास वकीलसाहेबांनी जे समजावून सांगितले, त्यासाठी खरे तर मी या सेवेची शिफारस करीन. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की भूसंपादनात 'नोटीस' हा एकच शब्द आपण चार-पाच निरनिराळ्या कागदांना लावतो आणि प्रत्येकाचे वजन वेगळे असते. संपादनाचा पाया घालणारी पहिली अधिसूचना, म्हणजे १८९४ च्या जुन्या कायद्यातील कलम ४ ची आणि आताच्या कायद्यातील कलम ११ ची, ही सर्वांत जड. जुन्या कायद्यात ती राजपत्रात, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत (त्यांपैकी किमान एक प्रादेशिक भाषेतील) आणि गावातील सोयीच्या जागी जाहीर सूचनेने प्रसिद्ध व्हावी लागे, आणि या तिन्हींतील शेवटची तारीख हीच प्रसिद्धीची तारीख मानली जाई. गावातील सूचना ही वरवरची औपचारिकता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये खूबचंद विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात सांगितले आणि २०१२ मध्ये कुलसुम नाडियाडवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातील प्रकरणात पुन्हा तेच धरून संपादन रद्द केले. आक्षेप घेण्याचा हक्क त्या सूचनेवर उभा असल्यामुळे सूचनाच नसेल तर तो हक्क कागदावरच राहतो, असा त्यामागचा विचार आहे.

याउलट, दावे मागवणारी नोटीस, म्हणजे जुन्या कायद्यातील कलम ९ ची, ही त्या वजनाची नाही. ती एखाद्या हितसंबंधिताला व्यक्तिशः मिळाली नाही म्हणून निवाडा आपोआप बाद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मे जॉर्ज प्रकरणात म्हटले आहे. आमच्या दारावरचा कलम २१ चा कागद हा त्याच कलम ९ चा नवा वारस. तेव्हा आजोबांच्या नावाची नोटीस धरून घरी बसलो असतो, तर जमीन गेलीच असती आणि मोबदल्यात काय काय धरायचे हे सांगण्याची संधीही आमच्याशिवाय पार पडली असती. पारावरचे मत किती महागात गेले असते, हे मला त्या क्षणी समजले.

पण वजन कमी म्हणून उणीव निरुपयोगी, असेही त्यांनी म्हटले नाही, आणि या सेवेचे वेगळेपण मला येथे दिसले. कलम २१ प्रमाणे सुनावणीचा दिवस नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांच्या आत आणि ६ महिन्यांच्या पुढे ठेवता येत नाही. आमच्या कागदावर जावक तारखेपासून मोजले तरी ३ ते २७ ऑक्टोबर, म्हणजे २४ दिवस होते. त्याच कलमानुसार जमिनीच्या भोगवटादाराला आणि जिल्ह्यात राहणाऱ्या प्रत्येक ज्ञात हितसंबंधिताला नोटीस बजावावी लागते. थोरली आत्या मिरजेत राहते, तिला काहीच मिळाले नव्हते. धाकटी आत्या पुण्याला, म्हणजे जिल्ह्याबाहेर. अशा व्यक्तीला शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर टपालाने पत्र पाठवून शिवाय किमान दोन राष्ट्रीय दैनिकांत आणि संकेतस्थळावर ती नोटीस प्रसिद्ध करावी लागते. या तिन्ही उणिवा एकत्र मांडल्या तर संपादन रद्द होणार नाही, पण सुनावणी पुढे ढकलून तिन्ही सहधारकांचे म्हणणे नोंदवून घेण्यास संबंधित अधिकाऱ्याला नकार देणे कठीण जाईल, असे त्यांचे मत पडले. उणीव कोणती आहे आणि तिचे काय मिळते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता.

यानंतर त्यांनी मागे जाऊन पाया तपासला. कलम ११ ची अधिसूचना आता राजपत्र आणि दोन दैनिके यांखेरीज ग्रामपंचायत, जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी व तहसील यांच्या कार्यालयांत स्थानिक भाषेत आणि शासनाच्या संकेतस्थळावरही प्रसिद्ध करावी लागते, आणि ग्रामसभेला तिची माहिती द्यावी लागते. तिच्यात सार्वजनिक प्रयोजनाचे स्वरूप, विस्थापन होत असेल तर त्याची कारणे आणि सामाजिक परिणाम मूल्यांकनाचा गोषवारा असावा लागतो. काकांनी राजपत्राच्या पुणे विभागीय पुरवणीची प्रत काढली. माहिती अधिकाराचे उत्तर येण्यात ३० दिवस जातील आणि सुनावणी त्याआधीच होईल, म्हणून हितसंबंधित या नात्याने नस्ती (प्रकरणाची फाईल) पाहण्याचा साधा अर्ज दिला आणि तिसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर संबंधित कार्यालयात येऊन नस्तीसमोर बसले.

तेथे मला थोडी निराशाच झाली, कारण मनातून मला काहीतरी मोठे सापडायला हवे होते. ग्रामपंचायतीच्या फलकावर प्रसिद्धी केल्याचा पंचनामा नस्तीत होता, त्यावर तारीख होती, दोन पंचांच्या सह्या होत्या आणि दोन्ही पंच मला ओळखीचे निघाले. दैनिकांची कात्रणे डकवलेली होती. जमीन घेण्याचे पक्के करणारी कलम १९ ची घोषणा अधिसूचनेनंतर अकराव्या महिन्यात झाली होती. पहिल्या प्रसिद्धीपासून मोजले काय किंवा शेवटच्यापासून मोजले काय, १२ महिन्यांची मर्यादा पाळली गेली होती. ती ओलांडली असती आणि शासनाने मुदत वाढवली नसती, तर मूळ अधिसूचनाच रद्द झाल्यासारखी मानली गेली असती. आक्षेपांसाठीचे कलम १५ चे ६० दिवस केव्हाच उलटले होते. वर्तमानपत्रातील ती जाहिरात वडिलांनी तेव्हा वाचली होती आणि 'आपल्या गटाचा आकडा वाटतोय' असे म्हणून बाजूला ठेवली होती, हे त्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितले. "पाया पक्का आहे, तेथे हातोडा मारून तुमचाच हात दुखेल," असे काका म्हणाले. पुढच्या भेटीची फी मिळावी म्हणून काहीतरी शंका शिल्लक ठेवण्याचा मोह त्यांना झाला नाही, याची मी मुद्दाम नोंद करतो.

उलट त्याच नस्तीत त्यांनी दुसरी गोष्ट पाहिली, जी माझ्या नजरेतून सुटली असती. संयुक्त मोजणीच्या पत्रकात आमच्या हिश्शातील बाधित क्षेत्रापैकी १८ आर क्षेत्र जिरायत दाखवले होते. तेथे सहा वर्षांची द्राक्षबाग आहे, लोखंडी अँगलचा मांडव आहे आणि एक कूपनलिका आहे. कलम २१ च्या सुनावणीत मोजणीवरचे आक्षेपही देता येतात, आणि नव्या कायद्यात झाडे, पिके व बांधकामे यांचे मूल्य जमिनीच्या बाजारमूल्यात मिळवून त्या सगळ्यावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे पत्रकातून सुटलेली कूपनलिका एकदा नाही, दोनदा बुडते. ३० दिवसांच्या उणिवेने मिळणारा वेळ कशासाठी वापरायचा, याचे उत्तर येथे मिळाले. सातबाऱ्यावरची मागील वर्षांची पीकपाहणी, कूपनलिकेचे वीजबिल आणि मांडवाच्या साहित्याची पावती जोडून अर्ज तयार झाला. त्यात कोलकाता महानगरपालिका विरुद्ध बिमलकुमार शाह या मे २०२४ च्या निर्णयाचा आधार घेतला होता. संविधानाच्या मालमत्तेच्या हक्काविषयीच्या अनुच्छेद ३००अ मध्ये सामावलेले सात उपहक्क सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले आहेत. त्यांतला पहिला नोटिशीचा आणि दुसरा म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा.

२७ तारखेला वडील आणि थोरली आत्या हजर राहिले. आपण हरकतीसह आलो आहोत, आलो म्हणून नोटीस योग्य असल्याचे मान्य केलेले नाही, हे वाक्य अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेईपर्यंत टेबल सोडायचे नाही, ही काकांची ताकीद वडिलांनी शब्दशः पाळली. सुनावणी पुढे ढकलली गेली, नोटिसा तिघांच्या नावे नव्याने निघाल्या आणि डिसेंबरमध्ये फेरमोजणीला भूमी अभिलेखचे लोक बागेत आले.

आता तक्रारी, कारण त्या आहेत आणि लहान नाहीत.

पहिले टिपण फक्त वडिलांच्या नावे केले गेले. सातबाऱ्यावर तीन नावे असल्याचे काकांनी स्वतःच चिठ्ठीवर लिहून घेतले होते; तरी आत्यांचे स्वतंत्र अर्ज आणि धाकट्या आत्याचे अधिकारपत्र लागेल, हे आम्हाला २३ तारखेला, म्हणजे सुनावणीच्या चार दिवस आधी सांगण्यात आले. पुण्याहून अधिकारपत्र नोटरी करून आणताना जी धावपळ झाली ती टाळता आली असती. नोटिशीत सहधारक सुटले म्हणून कार्यालयाला दोष देणाऱ्या टिपणात तेच सहधारक सुटावेत, हे मला खटकले आणि मी तसे तोंडावर बोललो. वकीलसाहेबांनी चूक कबूल केली आणि दोन्ही आत्यांच्या अर्जांचे पैसे घेतले नाहीत.

दुसरे, टिपणाची भाषा. 'सबब', 'उपरोक्त', 'तद्नुषंगाने' यांनी ते इतके भरलेले असते, की ज्यांच्यासाठी ते लिहिले त्या वडिलांना मला ते शेजारी बसून साध्या मराठीत सांगावे लागले. तोंडी इतके स्वच्छ बोलणारी माणसे लिहायला बसली की कचेरीत का शिरतात, हे मला कळलेले नाही. वेळ ही तिसरी अडचण. न्यायालय सुटल्यावर साडेपाच ते आठ एवढाच काळ ते भेटतात, आधी वेळ देण्याची पद्धत नाही, आणि द्राक्षपट्ट्यातून येणाऱ्या माणसाला शेवटची एस. टी. धरायची असते. एकदा मी दीड तास जिन्यात बसून परतलो.

दुसरे प्रकरण बहिणीच्या सासरचे, सातारा जिल्ह्यातील. महामार्गाच्या रुंदीकरणात त्यांची पट्टी गेली होती आणि घरात एकच वाक्य घोळत होते: आम्हाला कोणी नोटीसच दिली नाही. साताऱ्याहून सांगलीला येऊन जाण्यात दिवस मोडतो, तरी ते आले, आणि वीस मिनिटांत त्यांना नको असलेले उत्तर मिळाले. हे संपादन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालचे. त्यात कलम ३अ ची अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात निघते, तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एकात प्रादेशिक भाषेत द्यावा लागतो, आणि राजपत्रातील प्रसिद्धीपासून फक्त २१ दिवसांत हरकत घ्यायची असते. त्या टप्प्यावर घरपोच नोटीस द्यावी असे तो कायदा म्हणतच नाही. पुढे कलम ३ड ची घोषणा प्रसिद्ध झाली की जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते. मात्र ती घोषणा वर्षाच्या आत व्हावी लागते, आणि ती झालेली होती.

अधिसूचनेत जमिनीचे वर्णन पुरेसे आहे का, हेही वकीलसाहेबांनी पाहिले, आणि त्या ओघात बारानगर ज्यूट फॅक्टरीचे २००५ मधील प्रकरण सांगितले. तेथे अधिसूचनेत जमिनीचे नेमके वर्णन आणि नकाशा नसल्यामुळे ती सदोष असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. पण रस्ता तोवर बांधून झाला होता, म्हणून जमीन परत न देता मोबदला ठरवण्याची तारीख नंतरची धरून मालकांचे नुकसान भरून काढले. दाजींना ते ऐकून हसू आले आणि रागही आला. त्यांच्या अधिसूचनेत गट क्रमांक, क्षेत्र आणि जमिनीचा प्रकार व्यवस्थित होता, त्यामुळे तेवढीही वाट उघडी नव्हती. उरला तो मोबदल्याचा वाद, म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाणे. सेवेने येथे लेखी टिपण करण्याची गरज नाही असे सांगून फक्त तोंडी सल्ल्याचे पैसे घेतले. दाजी अजूनही म्हणतात की दोनशे-अडीचशे किलोमीटर प्रवास करून 'काही होत नाही' एवढेच ऐकायला मिळाले. मला ते उत्तर स्वस्त वाटते. ज्यांनी ते वेळेवर ऐकले नाही अशांचे वकिलांच्या फीचे हिशेब मी पाहिले आहेत.

तिसरे प्रकरण मामांचे, जुन्या कायद्याखालील. निवाड्याची कलम १२(२) ची नोटीस त्यांना मिळाली होती, पण सोबत निवाड्याची प्रत नव्हती. अशा नोटिशीने वाढीव मोबदल्याच्या अर्जाची मुदत सुरू होत नाही, मुदत निवाड्यातील आवश्यक मजकूर कळल्यापासून मोजायची, असे २०१२ च्या प्रेमजी नाथू प्रकरणात आणि त्याआधी २०१० मध्ये भगवान दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. मामा उमेदीने गेले. काकांनी पिशवीतील सगळे कागद उलटे करून पाहिले, तेव्हा एका कागदाच्या पाठीवर नक्कल शाखेचा जुना शिक्का निघाला: मामांनी स्वतःच निवाड्याची प्रमाणित नक्कल घेतली होती आणि विसरले होते. शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजले तरी मुदत कधीच संपली होती. कागद पुन्हा पिशवीत गेले.

त्या निमित्ताने वकीलसाहेबांनी नव्या कायद्यातील एक गंमत दाखवली, ती येथे सांगतो कारण ती पुढे अनेकांना भोवेल. निवाडा मान्य नसल्याचा अर्ज करण्यासाठी कलम ६४ मध्ये निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला ६ आठवडे दिले आहेत. गैरहजर असलेल्याला 'कलम २१ ची नोटीस मिळाल्यापासून' ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते, असे शब्द आहेत. आता कलम २१ ची नोटीस निवाड्याच्या कितीतरी आधी येते. म्हणजे शब्दशः वाचले तर निवाडा होण्याआधीच त्याविरुद्धची मुदत संपते. निवाड्याच्या नोटिशीचे कलम दुसरेच असताना मसुदा करणाऱ्याच्या हातून हा आकडा पडला असावा. सबळ कारण दाखवले तर जिल्हाधिकाऱ्यांना आणखी एक वर्षापर्यंतचा उशीर क्षमापित करता येतो, पण त्या भरवशावर राहू नये आणि निवाडा जाहीर होण्याच्या दिवशी स्वतः हजर राहून त्याच दिवसापासून ६ आठवडे मोजावेत, असा त्यांचा सल्ला आहे.

दर असे पडले: नोटीस पाहून तोंडी मत ५०० रुपये, लेखी टिपण २,५०० रुपये, नस्तीची पाहणी करायची असल्यास १,५०० रुपये अधिक आणि नकलांचा खर्च वेगळा. नकलांचा खर्च आधी सांगत नाहीत, हे बरोबर नाही. आमच्या प्रकरणात तो ६४० रुपये झाला. टक्केवारी मागत नाहीत. जाताना मूळ कागद, पाकीट (त्यावरच्या टपाल शिक्क्यासह), चालू सातबारा व आठ-अ, वारसनोंदीचा फेरफार आणि नोटीस कोणाच्या हातात कोणत्या दिवशी पडली याची लेखी नोंद न्यावी. मोबाइलवर आलेले नोटिशीचे छायाचित्र दाखवले तर ते परत पाठवतात. पाचांपैकी मी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण टिपणाच्या भाषेने गेला आणि एक आत्यांच्या राहून गेलेल्या नावांनी.

फेरमोजणीच्या पत्रकात १८ आर क्षेत्र आता बागायत म्हणून आले आहे. मांडव मोजला गेला, कूपनलिकेच्या रकान्यात मात्र खोली लिहायची राहिली आहे, त्यासाठीचा अर्ज मी परवा देणार आहे. निवाडा अजून झालेला नाही. घोषणेपासून १२ महिन्यांत तो व्हावा लागतो, शासनाने मुदत वाढवली नाही तर सगळी कार्यवाहीच व्यपगत होते, म्हणजे संपुष्टात येते, आणि ती तारीख काकांनी त्या लांब चिठ्ठीच्या तळाशी लाल शाईने लिहून दिली आहे. वडिलांनी ती चिठ्ठी मोटारीच्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने चिकटवली आहे.